गाडी लागते का? दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरच्या उलट्या आणि भुलीच्या डॉक्टरांच्या तयारीचा माझा रिव्ह्यू

मी दोनदा दुर्बिणीतून ऑपरेशन करून घेतलंय. पहिलं पित्ताशयाचं, सहा वर्षांपूर्वी, आणि दुसरं ओव्हरीवरच्या गाठीचं, आत्ता तीन महिन्यांपूर्वी. दोन्ही वेळा सर्जननी काम उत्तम केलं, टाके छान भरले, त्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. पण पहिल्या वेळी शुद्धीवर आल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी नुसती ओकत होते आणि दुसऱ्या वेळी एकदाही उलटी झाली नाही. बाई तीच, पोट तेच, दोन्ही वेळा पूर्ण भूल, मग एवढा फरक कशाने पडला तर भुलीच्या डॉक्टरांनी आधीपासून केलेल्या तयारीने. त्या तयारीचाच हा रिव्ह्यू आहे. भुलीच्या सेवेवर सहसा कोणी लिहीत नाही, सगळे सर्जनबद्दल, रूमबद्दल, बिलाबद्दल लिहितात, कारण भुलीचे डॉक्टर आपल्याला मास्क लावलेले दोन-चार मिनिटं दिसतात आणि मग आपली शुद्धच जाते. पण माझं ठाम मत झालंय की ऑपरेशननंतरचा पहिला दिवस कसा जाणार हे बरंचसं त्यांच्याच हातात असतं. म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

आधी पहिल्या वेळचं सांगते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. डोळे उघडले तेव्हा पहिली जाणीव दुखण्याची नव्हतीच, तोंडाला पाणी सुटलं होतं, जिभेखाली एकदम गोळा झालं आणि मला कळलं की आता होणार. हात वर करून सांगायलाही वेळ मिळाला नाही. पोट रिकामं, आदल्या रात्रीपासून काही घेतलेलं नाही, मग येणार काय, तर हिरवट कडू पाणी. आणि त्यानंतर नुसते कोरडे उमासे. ज्यांना पोटावर टाके असताना उमासे आलेत त्यांनाच हे कळेल, बेंबीपाशी जो टाका असतो ना तिथे प्रत्येक उमाश्याला असं वाटायचं की आतून कोणीतरी दोरी ओढतंय. माझ्या ताईने एक उशी घडी करून माझ्या पोटावर दाबून धरली होती, ती तिने संध्याकाळी सातपासून रात्री दीडपर्यंत धरली, एका हातात उशी आणि दुसऱ्या हातात तो वाकडा स्टीलचा ट्रे. अकरा उलट्यांपर्यंत आम्ही मोजत होतो, नंतर मोजणं सोडलं.

सिस्टर चांगल्या होत्या, त्यांचा काही दोष नाही, त्या म्हणाल्या "अहो ताई, भुलीमुळे होतंच असं, बायकांना जरा जास्तच होतं, उद्यापर्यंत जाईल". इंजेक्शन दिलं. अर्धा तास बरं वाटलं, परत सुरू. तीन-चार तासांनी परत तेच इंजेक्शन दिलं, त्याने तर काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते ते एक दिवस लांबलं, सलाईन चालूच. आणि माझ्या मनात तेव्हा एकच आलं की आपलंच शरीर नाजूक, आपल्यालाच सोसत नाही. हे मी सहा वर्षं मनात धरून बसले होते. दुसरं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा मला कापाकापीची भीती वाटली नाही, गाठ निघेल ना याचीही नाही, मला भीती फक्त त्या ट्रेची होती. पुढे मला कळलं की ही भीती माझ्या एकटीची नाही, १९९९ साली पेशंटना विचारून एक अभ्यास केला होता की भुलीनंतर तुम्हाला सगळ्यात नको असलेली गोष्ट कोणती, तर लोकांनी उलटीला पहिला नंबर दिला होता, दुखण्याच्याही वर. वाचून मला खरंच हायसं वाटलं.

आता दुसरी वेळ. ऑपरेशनच्या आठ दिवस आधी भुलीच्या तपासणीला बोलावलं. मला वाटलं बीपी बघतील, छाती तपासतील, सही घेतील आणि सोडतील. भुलीच्या डॉक्टर मॅडम होत्या, त्यांनी आधी जुनं सगळं विचारलं, मग दात बघितले, तोंड उघडायला लावलं, मान मागे करायला लावली, आणि मग पेन ठेवून विचारलं, "तुम्हाला गाडी लागते का?"

मला क्षणभर प्रश्नच कळला नाही. ऑपरेशनचा आणि गाडी लागण्याचा काय संबंध? मी म्हटलं लागते ना, लहानपणापासून लागते, वळणाचा रस्ता असला की पिशवी हातात घेऊनच बसते. मग त्यांनी विचारलं सिगरेट ओढता का, नाही. आधी भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या का, मग मी त्यांना सगळं सांगितलं, उशी, ट्रे, दीड वाजेपर्यंत, आणि सांगता सांगता माझे डोळे भरून आले. त्या मध्ये बोलल्या नाहीत. ऐकून घेतलं आणि कागदाच्या कडेला चार छोट्या टिका केल्या.

त्या चार टिका म्हणजे काय ते त्यांनी समजावलं आणि माझ्या मते हा अख्ख्या सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग होता. याला आपफेल स्कोअर म्हणतात, १९९९ पासून वापरात आहे आणि फक्त चार गोष्टींवर चालतो. बाई असणं हा एक गुण. सिगरेट न ओढणं हा दुसरा (हो, ओढणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, त्याचा अर्थ कोणी ओढायला सुरुवात करावी असा अजिबात नाही, त्याने भुलीचे बाकीचे धोके वाढतात). गाडी लागत असेल किंवा आधी भुलीनंतर उलट्या झाल्या असतील तर तिसरा. आणि ऑपरेशननंतर दुखण्यासाठी मॉर्फिनच्या घराण्यातली औषधं लागणार असतील तर चौथा. एकही गुण नसेल तर मळमळ-उलटीची शक्यता साधारण १० टक्के, एक असेल तर २०, दोन असतील तर ४०, तीन असतील तर ६० आणि चारही असतील तर ८०. मी चारात चार. म्हणजे पहिल्या वेळी जे झालं ते अगदी अपेक्षित होतं, कोणीही चार प्रश्न विचारून आधीच सांगू शकलं असतं. माझं शरीर नाजूक वगैरे काही नव्हतं. मला कोणी विचारलंच नव्हतं.

आणि "बायकांना जरा जास्तच होतं" हे सिस्टरांचं वाक्य खरंच होतं, मोठ्या बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो, वयात येण्याआधी मात्र मुलामुलींमध्ये हा फरक नसतो. पण माझं म्हणणं असं आहे की जास्त होतं हे माहितीये ना, मग त्या माहितीने आधी काही करायचं, नंतर समजूत घालायला ती वापरायची नाही. मॅडमनी तेच केलं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला हे एवढं का होतं हेही मी विचारलं. तर पोटात कॅमेरा फिरवायला जागा हवी म्हणून कार्बन डायऑक्साईड गॅस भरून पोट फुगवतात, प्रेशर साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतकं ठेवतात. त्याने पोटाचं आतलं अस्तर ताणलं जातं, आतड्यांवर दाब येतो, आतड्यातून सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं आणि पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतून निरोप वर जातो. गर्भाशयाच्या किंवा ओव्हरीच्या ऑपरेशनला तर डोक्याकडून टेबल खाली झुकवतात. वर मेंदूत, खालच्या बाजूला एक छोटीशी जागा आहे जी रक्तात फिरणारी औषधं, गॅस, विषारी पदार्थ सतत हुंगत असते, तिथे बाकी मेंदूसारखी बंदिस्त भिंत नसते, त्यामुळे भुलीचा गॅस आणि मॉर्फिन तिला थेट टोचतात. आणि गाडी लागणाऱ्यांचा कानातला तोल सांभाळणारा भाग आधीच हळवा असतो. म्हणजे चारही बाजूंनी निरोप एकाच ठिकाणी पोचतात आणि मग ती उबळ. म्हणूनच एकाच औषधाने भागत नाही, कारण एक औषध एकच दरवाजा बंद करतं. हे दरवाज्याचं मॅडमनीच सांगितलं आणि तेव्हा कुठे मला कळलं की पहिल्या वेळी तेच इंजेक्शन परत देऊन उपयोग का झाला नाही, जो दरवाजा आधीच बंद होता तोच परत लावत होते. आधी दिलेलं औषध सहा तासांच्या आत कमी पडलं तर पुढचं औषध दुसऱ्या प्रकारचं द्यायचं असतं.

मग त्यांनी कागदावर हिशोब करून दाखवला, तो कागद मी जपून ठेवलाय. तुमच्यासारख्या १०० बायका घेतल्या आणि काहीच केलं नाही तर ८० जणींना त्रास होणार. २००४ मध्ये पाच हजारांवर पेशंटवरचा एक मोठा अभ्यास छापून आला होता, त्यात दिसलं की ऑन्डॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल ही उलटीवरची तीन औषधं, त्यातलं प्रत्येक औषध उरलेला धोका साधारण २६ टक्क्यांनी कमी करतं. म्हणजे ८० चे ५९ झाले. दुसरं औषध दिलं की ५९ चे ४४. त्यावर भुलीचा गॅस न वापरता पूर्ण भूल शिरेतून प्रोपोफॉलने दिली तर अजून साधारण १९ टक्के कमी, म्हणजे ४४ चे ३५-३६. पेन ठेवून त्या म्हणाल्या, "बघा, एवढं सगळं करूनही तीनातल्या एकीला होऊ शकतं, मी तुम्हाला शंभर टक्के होणार नाही असं सांगणार नाही. पण झालं तरी मागच्यासारखं होऊ देणार नाही." खरं सांगते, मला कोणी "काही नाही होणार, काळजी करू नका" म्हटलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. या आकड्यांवर बसला.

आता प्लॅनमधली एकेक गोष्ट.

शिरेतून भूल. हे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं असं माझं मत आहे. पहिल्या वेळी हुंगायच्या गॅसवर ठेवलं होतं आणि भुलीनंतरच्या पहिल्या दोनेक तासांतल्या उलट्यांचं मुख्य कारण हा गॅसच असतो म्हणे. या वेळी तो नव्हता. प्रोपोफॉल म्हणजे दुधासारखं पांढरं औषध, पंपाने थेंबाथेंबाने जात राहतं. जाताना हाताच्या शिरेत चांगलंच झोंबतं, मनगटापासून कोपरापर्यंत जळजळ गेली, पण तेवढ्यात झोप लागते त्यामुळे तक्रार नाही. सगळीकडे ही सोय असतेच असं नाही, पंप लागतो, सवयीचा हात लागतो, त्यामुळे आधी विचारायला हवं. नायट्रस ऑक्साईडही, म्हणजे ज्याला लाफिंग गॅस म्हणतात तो, वापरला नाही, कारण तास-दीड तासाच्या वर ऑपरेशन चाललं तर त्यानेही उलट्या वाढतात.

डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड आहे, ऐकून मी दचकले होते, पण एकच छोटा डोस असतो, ४ ते ८ मिलिग्रॅम. भूल देताना सुरुवातीलाच देतात कारण याचा परिणाम सावकाश येतो आणि लांबपर्यंत टिकतो, संध्याकाळी-रात्रीच्या मळमळीला हेच कामाला येतं. एक गोष्ट कोणी उघडपणे सांगत नाही ती मी सांगते, जागेपणी हे इंजेक्शन भरभर दिलं तर बायकांना खाली नाजूक जागी भयंकर खाज आणि आग होते, मिनिटभरच, पण घाबरायला होतं. म्हणून झोप लागल्यावर देतात. शुगर असलेल्यांनी मात्र आठवणीने सांगायचं, याने साखर वाढते.

ऑन्डॅनसेट्रॉन. हे सगळ्यांच्या ओळखीचं, ४ मिलिग्रॅम, ऑपरेशन संपत आलं की देतात. उलटीवर चांगलं, नुसत्या मळमळीवर त्या मानाने कमी. मला याने दुसऱ्या दिवशी डोकं जड झालं आणि पोट साफ व्हायला तीन दिवस लागले. टाके असताना कुंथायला लागणं वाईट, म्हणून याचा अर्धा मार्क कापते. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल, ईसीजीमध्ये क्यूटी लांबलेला आहे असं कोणी कधी सांगितलं असेल, तर हे द्यायच्या आधी डॉक्टरांना कळायलाच हवं.

दुखण्याची औषधं. मॉर्फिनच्या प्रकारातलं औषध शक्य तेवढं कमी ठेवलं, त्याऐवजी पॅरासिटामॉल, सूज कमी करणारं वेदनाशामक आणि ऑपरेशन चालू असताना प्रत्येक छिद्रापाशी बधिर करायचं इंजेक्शन. हे मला आधी उलटं वाटलं होतं, म्हटलं दुखणं सहन करायला लावणार की काय. तसं काही झालं नाही. पोट कमी दुखलं, उजवा खांदा मात्र दोन दिवस ठणकला, पोटात राहिलेल्या गॅसने छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं, ते ऑपरेशननंतरचं आहे आणि जातं, त्याला घाबरू नका.

पट्टा. मनगटावर बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा, आतून एक कडक बटण. मी आधी याला फार मनावर घेतलं नव्हतं. पण मॅडमनी सांगितलं की ज्या जागेवर तो दाबतो, तिला पी ६ म्हणतात, तिच्यावर बरेच अभ्यास झालेत, २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यातही (म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासून केलेल्या आढाव्यात) खोट्या जागी दाबण्यापेक्षा तिथे दाबल्याने मळमळ-उलटी कमी होते असं दिसलंय, आणि नुकसान काही नाही. जागा अशी की तळहात वर करून मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, मूठ आवळली की ज्या दोन शिरांसारख्या दोऱ्या वर येतात त्यांच्या बरोबर मध्ये. मी घरी आठ दिवस प्रॅक्टिस केली. बटण त्या दोन दोऱ्यांच्या मध्ये नीट बसलं की हलका झिणझिण्यासारखा दाब जाणवतो, बाजूला सरकलं की काहीच नाही, नुसता दागिना. ऑपरेशनच्या सकाळी दोन्ही हातांना बांधून गेले, सलाईन लावताना सिस्टरांनी एक काढायला लावला, दुसरा राहू दिला. एकट्या पट्ट्यावर भरवसा ठेवून औषधं नको म्हणणाऱ्यांतली मी नाही, पण औषधांच्या जोडीला मला तो आवडला. हातात धरायला आपलं स्वतःचं असं काहीतरी होतं.

चिकटपट्टी. ही मला लावली नव्हती, माझ्या ताईला तिच्या ऑपरेशनला लावली होती, कानाच्या मागे, आदल्या रात्री. स्कोपोलामाइन नावाच्या औषधाची. गाडी लागणाऱ्यांना चांगली मानतात. तिला उलटी झाली नाही पण तोंड इतकं कोरडं पडलं की बोलताना जीभ टाळूला चिकटायची, आणि जवळचं अक्षर दोन दिवस पुसट. पट्टीला हात लावून तोच हात डोळ्याला लावला तर बाहुली मोठी होते, म्हणून हात धुवायचे. काचबिंदू असणाऱ्यांनी ही नको.

ऑपरेशनच्या दिवशी अजून एक वेगळं केलं. मला दोन तास आधीपर्यंत थोडं साधं पाणी प्यायला दिलं, मागच्या वेळी रात्री दहापासून घसा कोरडा ठेवला होता. जेवण वगैरे सहा-आठ तास आधी बंदच, ते सोडू नका, पण पाण्याचं तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, शरीरात पाणी नीट असलं की मळमळही कमी होते. शिवाय सलाईनही व्यवस्थित दिलं.

शुद्धीवर आले तेव्हा मी वाट बघत होते. खरंच वाट बघत होते की आता तोंडाला पाणी सुटेल, आता सुटेल. मॅडम पायाशी उभ्या होत्या, म्हणाल्या "कसं वाटतंय, शून्य ते दहामध्ये मळमळ किती?" मी म्हटलं एक. मग मलाच खोटं वाटलं, मी परत पोटाकडे लक्ष देऊन बघितलं आणि म्हटलं हो, एकच. ताई बाहेर उशी घेऊन उभी होती, आत येऊन माझ्याकडे बघितलं आणि उशी माझ्या डोक्याखाली घातली. तेवढ्याने मला रडू आलं.

आता कमी काय पडलं ते. संध्याकाळी वॉर्डमध्ये बाथरूमला जायला उठवलं आणि एकदम ढवळलं, दहापैकी सहापर्यंत गेलं असेल. सिस्टरांनी इंजेक्शनच्या आधी पुसतात ना तो स्पिरिटचा कापूस नाकापाशी धरला आणि खोल श्वास घ्यायला सांगितला, तीन-चार श्वास. मला वाटलं मन रमवताहेत, पण पाचेक मिनिटांत ते उतरलं, आणि हे खरंच वापरतात असं नंतर कळलं. तेवढ्यात त्यांनी वेगळ्या प्रकारचं इंजेक्शन काढून ठेवलं होतं, मॅडमनी फाईलवर आधीच लिहून ठेवलं होतं की लागलं तर हे द्या, ते नको. लागलं नाही. पण लिहून ठेवलेलं होतं हे महत्त्वाचं, रात्री कोणाला फोन करून विचारत बसायचं नव्हतं.

खरी उणीव घरी जाताना जाणवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं, गाडीत बसले, दहा मिनिटांत तोंडाला पाणी सुटायला लागलं. गाडी लागणारी बाई, पोटात अजून थोडा गॅस, भूल उतरून एकच रात्र, त्यात तो प्रवास, हे कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. घरी गेल्यावर सुरू होणारी मळमळ हा वेगळा धरायचा प्रकार आहे, पन्नाशीच्या आतल्या बायका आणि ज्यांना हॉस्पिटलमध्येच थोडं ढवळलेलं असतं त्यांना ती जास्त होते, आणि घरी शिरेतून द्यायला कोणी नसतं. डिस्चार्जच्या कागदावर दुखण्याच्या गोळ्या होत्या, अँटिबायोटिक होतं, टाक्यांचं होतं, मळमळीचं एक अक्षर नाही. मी फोन केला तेव्हा जिभेवर विरघळणारी गोळी सांगितली, ती आणून घेतली, बरं वाटलं. पण ती आधीच हातात असायला हवी होती. ह्यांनी गाडी बाजूला घेतली, मी डोळे मिटून पट्ट्याचं बटण अंगठ्याने दाबत बसले आणि उलटी न होता घरी पोचले.

एक फार महत्त्वाचं, जे मला योगायोगाने कळलं. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल किंवा तसलं हार्मोनचं काही वापरत असाल तर भुलीच्या डॉक्टरांना सांगाच. उलटीसाठी अॅप्रेपिटंट नावाची एक गोळी आधी देतात, चांगली आहे, लांबपर्यंत टिकते, पण तिच्यामुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो आणि नंतर २८ दिवस दुसरी काळजी घ्यावी लागते. आणि भुलीत स्नायू ढिले करणारं औषध उतरवायला सुगामाडेक्स वापरलं असेल तर ७ दिवस. शुद्धीवर आल्या आल्या हे कोणाच्या कानात शिरणार? आधी सांगायला हवं आणि कागदावर लिहून द्यायला हवं. मला दोन्ही लागू नव्हतं पण माझ्या शेजारच्या बेडवरच्या मुलीला होतं आणि तिला ते माहीतच नव्हतं, मी सिस्टरांना बोलवून विचारायला लावलं.

घरातल्या मोठ्यांनी मला सांगितलं होतं की पाळीच्या दिवसांत तारीख घेऊ नकोस, उलट्या वाढतात. मी तेही मॅडमना विचारलं. पूर्वी तसं समजत होते, आता पाळीच्या दिवसांचा यात काही हात नाही असंच धरतात. वजन जास्त असलं की जास्त होतं हेही असंच, त्यात तथ्य नाही. वय मात्र महत्त्वाचं, तरुण बायकांना जास्त. त्यामुळे या दोन कारणांसाठी तारीख पुढे ढकलू नका.

मला कोणी विचारलं की तू नेमकी कशाची शिफारस करतेस, तर मी एका औषधाचं नाव सांगणार नाही, ते डॉक्टर तुमचं हृदय, शुगर, बाकीची औषधं बघून ठरवतील. मी त्या पंधरा मिनिटांच्या बोलण्याची शिफारस करते. २०२० च्या जगभरच्या तज्ज्ञांच्या सूचनांतही असंच आहे की एक-दोन धोके असतील तर दोन उपाय आधीच द्यायचे आणि दोनाच्या वर असतील तर तीन-चार. म्हणजे मी काही खास वागणूक मागत नव्हते, तो नियमच आहे. भुलीच्या तपासणीला घाई असेल, डॉक्टर सही घेऊन निघायच्या बेतात असतील, तरी थांबवून सांगा की मला गाडी लागते, मागच्या भुलीनंतर मला इतक्या उलट्या झाल्या, तुम्ही काय देणार आहात आणि ते कमी पडलं तर दुसरं काय. आणि मागच्या वेळचा भुलीचा कागद मिळाला तर घेऊन जा, त्यात काय काय वापरलं ते लिहिलेलं असतं, माझा मी मागितला तेव्हा पहिल्यांदा "तो कशाला हवाय" असं म्हणाले पण दिला. त्यात उलटीचं औषध ऑपरेशन चालू असताना एकही दिलेलं नव्हतं. बघून मला राग आला, अजूनही येतो.

मार्क द्यायचे तर तपासणीच्या वेळच्या बोलण्याला पाचपैकी पाच. ऑपरेशनमधल्या प्लॅनला साडेचार. वॉर्डमधल्या काळजीला पाच, त्या स्पिरिटच्या कापसासाठी. घरी पाठवतानाच्या सूचनांना दोन, आणि ते मी मॅडमना फोन करून सांगितलंय, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या बरोबर आहे, डिस्चार्जच्या छापील कागदात एक ओळ घालायला सांगते. घातली की नाही ते बघायला पुढच्या महिन्यात दाखवायला जाईन तेव्हा विचारणार आहे.

पट्टा सध्या माझ्या नणंदेकडे आहे. तिचं पिशवीचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे, दुर्बिणीतूनच. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये, दुसरे डॉक्टर. काल ती भुलीच्या तपासणीला गेली होती, त्यांनी गाडी लागण्याचं विचारलं नाही, तिने स्वतःहून सांगितलं. ते थांबले, परत बसले आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, लिहून घेतो."